फोनवरची नोकरीची मुलाखत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात नऊ वर्षं भरतीचं काम केलं. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कंपन्यांसाठी उमेदवारांना पहिला फोन करायचा, हे माझं काम. दिवसाला तीस-चाळीस फोन सहज व्हायचे. आता सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींकडून याच फोनची तयारी करून घेते. खालचे प्रश्न त्या मुलांनी, त्यांच्या आईवडिलांनी आणि नोकरी बदलू पाहणाऱ्यांनी मला पुन्हा पुन्हा पाठवले आहेत. फोनवर बाद झालेल्यांत हुशार मुलं किती होती, हे मी जवळून पाहिलंय. त्यांचा घात केला तो खोलीने, रेंजने आणि पहिल्या दोन मिनिटांनी. म्हणून त्यावरच इथे जास्त लिहिलंय.

१. फोनवरची मुलाखत ही खरी मुलाखत असते की नुसती चौकशी?

दोन्ही असतात. पहिला फोन बहुतेक वेळा एचआरचा किंवा कन्सल्टन्सीचा असतो, दहा ते वीस मिनिटांचा. बायोडेटात लिहिलंय ते खरं आहे का, पगाराचा आकडा कंपनीच्या आवाक्यातला आहे का, कधी रुजू होणार, त्या गावात राहायची तयारी आहे का आणि बोलणं समजतंय का, एवढं त्यात बघतात. दुसरा टेक्निकल राउंड. तो त्या विभागातला माणूस घेतो, अर्धा-पाऊण तास चालतो आणि त्यात कामाचे प्रश्न येतात.

"सहज दोन मिनिटं बोलू या का?" म्हणून आलेला फोनही मुलाखतच समजा. फोन ठेवला की मी एक्सेलमध्ये उमेदवाराच्या नावापुढे शेरा लिहायचे आणि पुढच्या साहेबांना माणसाच्या आधी तो शेरा दिसायचा.

२. मी अनोळखी नंबर उचलतच नाही. कंपनीचा फोन ओळखायचा कसा?

नेमका ओळखता येत नाही, म्हणून अर्ज केले आहेत तोवर उचलायचे. १४० ने सुरू होणारे नंबर जाहिरातवाल्यांचे असतात, १६०० ने सुरू होणारे बँका-विमा कंपन्यांसाठी ठेवलेत. ते सुटले तरी नोकरी सुटत नाही. ०२०, ०२२, ०८० हे पुणे, मुंबई आणि बेंगळुरूचे लँडलाइन, ते चुकवू नका. पण भरतीवाल्या बऱ्याच जणी साध्या मोबाइलवरूनच फोन करतात. अनोळखी कॉल आपोआप बंद करणारं सेटिंग चालू असेल तर या दिवसांत ते काढून टाका.

उचलल्यावर "कोण बोलतंय?" असं दरडावू नका. "नमस्कार, मी स्नेहल बोलतेय" एवढं म्हटलं की समोरच्या माणसाचं अर्धं काम होतं. कॉलर ट्यूनही काढा. देवाचं गाणं असो की सिनेमाचं, समोरची व्यक्ती त्या दिवशीचा पंचविसावा फोन करत असते.

३. बायोडेटात वडिलांचा नंबर आहे आणि फोन तेच उचलतात. काय करू?

नंबर आजच बदला. अर्ज आधीच गेले असतील तर वडिलांना बसवून नीट सांगा: कोणी माझं नाव घेऊन विचारलं तर "तो अमुक वाजता घरी येईल, त्याचा नंबर लिहून घ्या" एवढंच म्हणायचं आणि फोन करणाऱ्याचं नाव, कंपनी, नंबर कागदावर टिपायचा. काळजीपोटी वडीलच पगार विचारतात, "मुलगा खूप मेहनती आहे हो" असं सांगू लागतात. मला अशा फोनचं कधी वाईट वाटलं नाही, पण पुढच्या साहेबांना मुलगा स्वतः बोलताना ऐकायचा असतो.

४. वेळ न ठरवता अचानक फोन आला आणि मी एसटीत, शेतात किंवा लग्नात असेन तर?

स्पष्ट सांगा आणि लगेच दुसरी वेळ द्या. "मॅडम, मी आत्ता एसटीत आहे, आवाज नीट येणार नाही. साडेचार वाजता चालेल का? नाहीतर उद्या सकाळी कधीही." यात मी वेळ मागितलीही आहे आणि दिलीही आहे. "नंतर करा ना" म्हटलं तर तो फोन पुन्हा येत नाही. यादीत तुमच्याखाली अजून तीस नावं असतात. ठेवण्याआधी बोलणाऱ्याचं नाव आणि कंपनी विचारून घ्या आणि ठरलेल्या वेळेला दहा मिनिटं उरली असताना तयार बसा.

वेळ मागितली म्हणून कोणाला नापास केल्याचं मला आठवत नाही. कंडक्टरच्या घंटीत आणि हॉर्नमध्ये ओरडून बोललेले मात्र खूप गेले.

५. वेळ ठरली आहे. आदल्या दिवशी नक्की काय तयारी करायची?

पाठवलेल्या बायोडेटाची छापील प्रत हवी. पाठवलेल्याची, कारण चार ठिकाणी चार वेगळे बायोडेटा जातात आणि समोरच्या हातात कोणता आहे ते तुम्हाला माहीत असायला हवं. शेजारी नोकरीची जाहिरात ठेवा. त्यात मागितलेल्या कामांपैकी तुम्ही खरोखर केलेली अधोरेखित करा आणि प्रत्येकापुढे चार शब्दांत एक प्रसंग लिहा: कुठे, काय अडलं, मी काय केलं, शेवटी काय झालं. कंपनी काय बनवते, कोणाला विकते, तुमचं काम कोणत्या गावातल्या ऑफिसात असेल, हे वाचून ठेवा. चाकणला नोकरी आहे आणि मुलगा "मला हिंजवडी जवळ पडेल" म्हणतो, असं होऊ नये.

कागद, चालणारं पेन, तांब्या-भांडं. कागद टेबलावर वेगवेगळे पसरून ठेवा. गठ्ठा उलटताना होणारा खसखसाट फोनवर पाऊस पडल्यासारखा ऐकू येतो. आणि एकदा मैत्रिणीला फोन लावून, त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून पाच मिनिटं बोला. तिला फक्त एवढंच विचारा, की कोणते शब्द कळले नाहीत.

६. घरात एकच खोली आणि आम्ही सहाजण. शांत जागा कुठून आणू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि विचारताना मुलं ओशाळतात. ओशाळू नका. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्यांचीही हीच अडचण असते.

आधी घरातच बघा. घरच्यांना वेळ सांगा, अगदी घड्याळातली: अकरा ते साडेअकरा. त्या अर्ध्या तासात कुकर लावायचा नाही, मिक्सर नाही, टीव्ही नाही, लहान भावंडांना शेजारी पाठवायचं. आईला कारण सांगितलं तर ती दारात उभी राहून आख्खी गल्ली गप्प करेल, हे मी अनुभवाने सांगते. घंटागाडी आणि भाजीवाला तुमच्याकडे किती वाजता येतात ते आठवा आणि वेळ ठरवतानाच ती टाळा.

घरात जमणारच नसेल तर बंद खिडक्यांची उभी गाडी ही उत्तम जागा. कोणाची तरी ओम्नी असो, टेम्पोची केबिन असो, चालेल. फक्त सावलीत लावा, कारण बंद गाडी उन्हात काही मिनिटांत तापते. शाळा सुटल्यावर वर्ग मिळतो, पण रिकाम्या वर्गात आवाज घुमतो. फरशी, कोऱ्या भिंती आणि पत्रा आवाज परत फेकतात. गाद्या, गोधड्या आणि कपडे तो शोषून घेतात. म्हणून गाद्यांची चळत असलेली अडगळीची खोलीसुद्धा नव्या कोऱ्या हॉलपेक्षा बरी. माझी एक विद्यार्थिनी दोन गोधड्या भिंतीला टांगून, तिसरी मांडीवर घेऊन बसली होती. तिचा आवाज इतका स्वच्छ येत होता, की मी तिला विचारलं, कोणाच्या ऑफिसात बसली आहेस का.

गच्ची टाळा. वारा माइकवर आदळला की शब्द तुटतात. देवळाचं आवार शांत वाटतं, पण कोणीतरी घंटा वाजवतंच.

हे सगळं करूनही मध्येच आवाज झालाच तर "माफ करा, बाहेरून मिरवणूक जातेय, मी वाक्य पुन्हा सांगतो" असं म्हणून पुढे जा. एकदा झालेल्या आवाजाचं कोणी मनावर घेत नाही.

७. आमच्याकडे रेंज नीट नसते, लाइट जाते. यावर काही उपाय?

आदल्या दिवशी, त्याच वेळेला, बसणार त्या जागेवरून फोन करून बघा. खिडकीशी, बाहेरच्या भिंतीकडे रेंज बहुधा जास्त मिळते. घरी वायफाय असेल तर फोनमधलं वायफाय कॉलिंग चालू करून बघा. पण लाइट गेली की राउटर बंद पडतो, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. पुणे भागात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद ठेवतात. तुमच्याकडचा दिवस लाइनमनला विचारून ठेवा आणि वेळ देताना तो वगळा.

दोन सिम असतील तर आणखी एक गोष्ट. बऱ्याच फोनमध्ये एका सिमवर बोलणं चालू असताना दुसरं सिम लागत नाही. मामाशी दुसऱ्या नंबरवर बोलत बसलात तर कंपनीला तुमचा फोन बंद ऐकू येतो. मुलाखतीच्या अर्धा तास आधीपासून दोन्हींवर बोलणं बंद. रिचार्ज संपून काही दिवस गेले की येणारे कॉलही थांबतात, तेही तपासा. मुलाखत सुरू असताना दुसऱ्या कॉलची टूंटूं यायला नको म्हणून तेवढ्यापुरतं कॉल वेटिंग बंद ठेवा आणि संपल्यावर आठवणीने चालू करा.

स्पीकरवर बोलू नका. तारेचा साधा इअरफोन सगळ्यात भरवशाचा. ब्लूटूथचा वापरायचाच असेल तर मैत्रिणीबरोबरच्या सरावात तोच वापरून बघा (प्रश्न ५), कारण गाणी छान ऐकू येणाऱ्या इअरफोनवर कॉलचा आवाज पुष्कळदा दबलेला जातो.

८. समोरच्याला माझं बोलणं कळत नाही, सारखं "सॉरी, कम अगेन?" म्हणतात. माझे उच्चार वाईट आहेत का?

बहुतेक वेळा उच्चार वाईट नसतात. जुन्या पद्धतीच्या फोनच्या लाइनवर आवाजाचा ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. नव्या फोर-जी कॉलवर तो ७,००० पर्यंत जाऊ शकतो, पण एका टोकाला लँडलाइन असली की पुन्हा तोच अरुंद पट्टा. स, श, फ या अक्षरांची सळसळ त्या पट्ट्याच्या वर राहते, म्हणून ती एकमेकांसारखी ऐकू येतात. फिफ्टीन आणि फिफ्टी यांचा घोळ तर रोजचाच.

यावर घसा ताणून उपयोग नाही. वेग कमी करा, वाक्य छोटं करा, वाक्याचा शेवटचा शब्द गिळू नका. आपण मराठी माणसं वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडतो आणि इंग्रजीत बोलतानाही तीच सवय येते. आकडे फोडून सांगा: "फिफ्टीन, वन-फाइव्ह." ईमेल सांगताना "एम फॉर मुंबई, एन फॉर नाशिक" असं सांगा. ताठ बसा किंवा उभे राहा. लोळून बोललेलं लगेच कळतं.

९. माझं इंग्रजी कच्चं आहे. मराठीत किंवा हिंदीत बोललं तर चालेल का?

काम कोणतं आहे त्यावर आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज इथल्या कारखान्यांत शॉप फ्लोअरच्या, क्वालिटीच्या, स्टोअरच्या जागांसाठी बोलणं पुष्कळदा मराठी-हिंदीतच होतं. बँकांच्या फील्डच्या नोकऱ्यांत तर चांगलं मराठी ही जमेची बाजू. परदेशी ग्राहकांशी बोलायचं काम असेल तर मात्र इंग्रजीच तपासतात.

समोरची व्यक्ती ज्या भाषेत सुरू करेल त्या भाषेत उत्तर सुरू करा. अडलात तर गप्प होण्याऐवजी विचारा: "मॅम, कॅन आय एक्स्प्लेन धिस पार्ट इन हिंदी?" मी हा प्रश्न विचारणाऱ्याला कधी नाही म्हटलं नाही. उलट, पाठ केलेलं झुळझुळीत इंग्रजी बोलणारा मुलगा दुसऱ्याच प्रश्नावर अडखळला, की त्याचं पहिलं उत्तरही खोटं वाटायला लागतं.

दोन-तीन सवयी मात्र आजपासून सोडा. "मायसेल्फ संदीप" असं म्हणू नका. "आय ॲम संदीप" म्हणा. प्रत्येक वाक्यात "बेसिकली" नको. आणि "येस मॅम, येस मॅम" अशी माळ जपू नका, एकदा पुरे. साधं, छोटं, बरोबर वाक्य: "आय वर्क्ड इन द स्टोअर. आय चेक्ड द इनकमिंग मटेरियल." एवढ्यावर लोकांना नोकऱ्या लागल्या आहेत.

१०. "टेल मी अबाउट युवरसेल्फ" यावर काय सांगायचं?

एक ते दीड मिनिट, आणि तीन गोष्टी: आत्ता काय करता, या कामाशी जोडलेलं काय केलंय, हे काम का हवंय. क्रम हाच.

नव्वद टक्के मुलं असं सुरू करतात असं म्हटलं तरी चालेल: "माझं नाव अमुक, मी अमुक गावचा, वडील शेतकरी, आई गृहिणी, एक भाऊ, दहावीला इतके टक्के, बारावीला इतके..." तोवर पाऊण मिनिट गेलेलं असतं आणि माझ्या कागदावर काहीच लिहिलेलं नसतं. वडील शेतकरी आहेत याचा अभिमान जरूर बाळगा, आणि तो कामाशी जोडता आला तर सांगाही. माझ्या एका विद्यार्थ्याने सांगितलेलं मला अजून पाठ आहे: "मी बीकॉम आहे, टॅली येतं. आमची द्राक्षबाग आहे, तीन वर्षं औषधं, मजुरी, पेटी-रद्दी, व्यापाऱ्याची बिलं यांचा हिशेब मीच ठेवतो. मागच्या वर्षी व्यापाऱ्याच्या बिलात वजनाचा फरक मी पकडला. म्हणून मला अकाउंट्सचंच काम हवंय." चारच वाक्यं. त्याला पुढचा प्रश्न लगेच आला, फरक कसा पकडलास? आणि तिथून मुलाखत त्याच्या अंगणात आली.

तुमच्याकडेही असा एक प्रसंग असतो. तो शोधायला मला मुलांबरोबर कधी कधी तासभर बसावं लागतं, पण सापडतोच. अनुभवी माणसाने दहावी-बारावीचा उल्लेखही करू नये.

११. कागदावर लिहून वाचलं किंवा मोबाइलवर उत्तर शोधलं तर कळतं का?

वाचलेलं कळतं. वाचताना आवाजाची पट्टी सपाट होते, श्वास चुकीच्या जागी घेतला जातो आणि माणूस बोलताना वापरणार नाही असे शब्द येतात. म्हणून कागदावर वाक्यं नकोत, मुद्दे हवेत (प्रश्न ५). मुद्दे बघून बोलणं ही फोनची सोय आहे, ती वापरा.

शोधलेलंही कळतं: प्रश्नानंतर "हां... म्हणजे..." आणि मागे बटणांचा आवाज. शेजारी बसून मित्राने कुजबुजत उत्तर सांगितलेलं तर मी स्पष्ट ऐकलंय. हे करू नका. पुढच्या फेरीत समोरासमोर तोच प्रश्न पुन्हा विचारतात, आणि आवाज वेगळा वाटला तर उमेदवार बदलल्याचा संशय येतो.

१२. उत्तर येत नसेल तर गप्प बसायचं का?

गप्प नाही. "विचार करायला थोडा वेळ घेऊ का?" असं म्हणून दहा सेकंद घ्या. समोर चेहरा दिसत नसल्यामुळे न सांगता घेतलेली शांतता म्हणजे फोन कट झाला, असंच वाटतं. माहीतच नसेल तर: "हे मी केलेलं नाही. याच्या जवळचं अमुक केलंय, ते सांगू का?"

भरतीच्या पहिल्या वर्षात एका मुलाच्या नावापुढे मी "आत्मविश्वास कमी" असं लिहिलं होतं, कारण तो प्रत्येक उत्तराआधी थांबायचा. पुढे तोच मुलगा दुसऱ्या कंपनीतून आमच्याकडे कामाला आला आणि टीममधला सगळ्यात विचारी माणूस निघाला. तो शेरा चुकीचा होता, आणि तो मी लिहिला होता. तेव्हापासून मी मुलांना सांगते, थांबायचं असेल तर सांगून थांबा. समोरची व्यक्ती माझ्यासारखीच नवखी असू शकते.

१३. मी बोलतोय आणि पलीकडून हं की चूं नाही. म्हणजे मी नापास?

बहुतेक वेळा समोरची व्यक्ती टाइप करत असते. तुमचं उत्तर संपलं की थांबा. शांतता भरून काढायला बोलत राहिलात की नको ते निघतं. पाच-सात सेकंद गेले तर "यावर अजून काही सांगू का?" असं विचारा.

१४. "एक्स्पेक्टेड सॅलरी किती?" याला काय उत्तर द्यायचं?

आधी हातात येणारा पगार आणि सीटीसी (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) यातला फरक समजून घ्या. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते.

समजा सीटीसी वर्षाला ३ लाख, म्हणजे महिन्याला २५,०००. त्यात बेसिक १५,००० असेल तर कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, यातच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीचे साधारण ७२० रुपयेही बऱ्याच कंपन्या यातच धरतात. तुमचा स्वतःचा पीएफ आणखी १,८०० कापला जातो. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. महिलांना महिना २५,००० पगारापर्यंत तो लागत नाही. हातात येतात साधारण साडेवीस हजार. कंपनीने मेडिकल विमा किंवा बसचे पैसे कापले तर अजून कमी. खोलीभाडं, मेस आणि गावी पाठवायचे पैसे या साडेवीस हजारांतून बसवा आणि मग आकडा ठरवा.

फ्रेशर असाल तर "या पदासाठी कंपनीची रेंज काय आहे?" असं विचारायला हरकत नाही. अनुभवी असाल तर ठाम आकडा सांगा, आणि सीटीसी की हातातला हे स्पष्ट करा. सध्याचा पगार फुगवून सांगू नका. पुढे सॅलरी स्लिप मागतात आणि ठरलेली नोकरी तिथे तुटते.

१५. मी सध्या नोकरीत आहे आणि फोन ऑफिसच्या वेळेतच येतो.

"मी आत्ता मोकळेपणी बोलू शकत नाही" एवढं म्हणा आणि सकाळी नऊच्या आधीची किंवा जेवणाच्या सुट्टीतली वेळ द्या (सांगायची पद्धत प्रश्न ४ मध्ये). जिन्यात, स्वच्छतागृहात किंवा कँटीनच्या मागे जाऊन बोलू नका. तिथे तुमचाच सहकारी उभा असतो. नोटीस पीरियड अपॉइंटमेंट लेटरमध्ये बघून मगच सांगा. ९० दिवसांचा असताना "महिन्याभरात येतो" म्हटलंत तर ऑफर मिळूनही अडकाल.

१६. "लग्न झालंय का? लग्नानंतर नोकरी करणार का?" असं विचारलं तर?

मुलींना हा प्रश्न अजूनही विचारतात आणि मला त्याचा राग येतो. भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून मनाई आहे. तरी त्या क्षणी तुम्हाला कायदा सांगत बसायचं नाही, नोकरी मिळवायची आहे. म्हणून प्रश्नामागची शंका ओळखून तेवढ्याचंच उत्तर द्या: "मी पुण्यातच राहणार आहे, शिफ्टची मला अडचण नाही, आणि हे काम मला दीर्घकाळ करायचं आहे." हे खरं असेल तरच म्हणा. तारखा, सासर, मुलं यांत शिरू नका. एवढ्यावरही समोरचा तेच उकरत बसला तर तिथलं वातावरण कसं असेल, याचा अंदाज घ्या.

घरच्या आजारपणामुळे किंवा बाळंतपणामुळे मध्ये खंड पडला असेल तर एका वाक्यात सांगा आणि पुढच्या वाक्यात आत्ता काय शिकलात ते सांगा. खंड लपवू नका, लांबवूही नका.

१७. बोलता बोलता फोन कट झाला. मी करू की त्यांनी?

दोन मिनिटं थांबा, कारण दोघांनी एकाच वेळी लावला की दोघांनाही बिझी लागतो. नाही आला तर तुम्ही करा. लँडलाइनवर उलटा फोन बहुधा रिसेप्शनला लागतो, म्हणूनच बोलणाऱ्याचं नाव सुरुवातीलाच टिपून ठेवायचं. तेही जमलं नाही तर मेसेज किंवा मेल: "रेंजमुळे फोन कट झाला, मी आता दुसऱ्या जागी आहे, केव्हाही करा." पुन्हा लागला की माफीचा पाढा नको, "आपण अमुक बोलत होतो" म्हणून तिथूनच सुरू करा.

१८. पलीकडे माणूस नव्हता, रेकॉर्ड केलेला आवाज प्रश्न विचारत होता. हे खरं असतं का?

असतं. मोठ्या भरतीत पहिली चाळणी काही कंपन्या मशीनकडून करून घेतात. आवाज संपेपर्यंत थांबा, मग पूर्ण वाक्यात उत्तर द्या; नुसतं "हो", "नाही" पुरत नाही. पैसे किंवा ओटीपी विचारला तर सरळ प्रश्न २१ वाचा.

१९. मला कमी ऐकू येतं किंवा बोलताना अडखळायला होतं. फोनवर माझं नुकसान होतं.

आधीच लिहून कळवा: "मला कमी ऐकू येतं, मुलाखत व्हिडिओवर किंवा चॅटवर घेता येईल का?" दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यातल्या २१ प्रकारांत श्रवणदोष येतो, आणि खाजगी आस्थापनांनीही समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. तेव्हा ही विनंती म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे.

अडखळणाऱ्यांनी पहिल्याच मिनिटात सांगून टाकावं: "मी बोलताना कधी कधी अडखळतो, मला वाक्य पूर्ण करू द्या." एवढं सांगितल्यावर समोरची व्यक्ती मध्ये तोडत नाही आणि तुमच्यावरचा निम्मा ताण उतरतो. माझ्याकडच्या दोघांनी असं सांगून नोकऱ्या मिळवल्या.

२०. परदेशातल्या कंपनीने वेळ दिली आहे. घड्याळाचा घोळ कसा टाळू?

दुबई आपल्या दीड तास मागे, बारा महिने. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास त्यांची घड्याळं बदलतात, तीही युरोप-अमेरिकेत वेगवेगळ्या रविवारी, तेव्हा विशेष जपा. उत्तराच्या मेलमध्ये भारतीय वेळ लिहून खात्री करून घ्या. रात्री दहाची मुलाखत असेल तर घरच्यांना सांगून ठेवा आणि जेवण जरा हलकं घ्या.

२१. फोनवरच "निवड झाली" म्हणाले आणि लॅपटॉपचं डिपॉझिट मागितलं. भरू का?

एक रुपयाही भरू नका. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, गणवेश, लॅपटॉप, पडताळणी, नाव काहीही असो. खरी कंपनी नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. दहा मिनिटांत निवड, फक्त व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर झालेली मुलाखत, जीमेलच्या पत्त्यावरून आलेलं ऑफर लेटर, "आज रात्रीपर्यंत भरा नाहीतर जागा जाईल" अशी घाई: यातलं एक जरी दिसलं तरी थांबा. कंपनीच्या संकेतस्थळावरचा नंबर स्वतः शोधून तिथे विचारा. पहिल्या फोनवर आधार, पॅन, बँकेचा तपशील कोणालाही द्यायचा नाही, ओटीपी तर कधीच नाही. कोणी स्टार ४०१ ने सुरू होणारा कोड डायल करायला सांगितला तर फोन ठेवा. त्याने तुमचे कॉल दुसऱ्याच्या नंबरवर वळतात.

पैसे गेले असतील तर क्षणही न घालवता १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितकं लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. पैसे गेले नसले तरी तो नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या चक्षू या तक्रार सुविधेत कळवा. आणि फसलात म्हणून घरी लपवू नका. गावाकडे आई मंगळसूत्र गहाण ठेवून डिपॉझिट भरते, हे मी पाहिलंय. दुसऱ्या हप्त्याची मागणी येईपर्यंत कोणी कोणाला बोलत नाही.

२२. मुलाखत रेकॉर्ड करून ठेवू का?

न सांगता करू नका. बऱ्याच फोनमध्ये रेकॉर्डिंग सुरू झाल्याची सूचना समोरच्यालाही ऐकू जाते आणि मग पुढचं सगळं बोलणं बिघडतं. फोन ठेवल्या ठेवल्या प्रश्न आठवतील तसे वहीत लिहा. पाच-सहा मुलाखती झाल्या की तुमच्या लक्षात येईल, प्रश्न तेच फिरून येतात.

२३. शेवटी "एनी क्वेश्चन्स?" म्हणतात तेव्हा काय विचारू, आणि नंतर किती दिवस वाट बघू?

कामाविषयी एक प्रश्न विचारा: पहिल्या तीन महिन्यांत मला काय काम असेल, टीममध्ये किती जण आहेत. दुसरा प्रश्न पुढच्या फेरीचा: ती कधी आणि कशी होईल. सुट्ट्या आणि बसची सोय ऑफर आल्यावर विचारा. उत्तरात जो दिवस सांगतील तो लिहून ठेवा.

त्याच संध्याकाळी दोन ओळींचा आभाराचा मेल पाठवा, त्यात मुलाखतीतला एखादा मुद्दा असू द्या. सांगितलेला दिवस उलटून दोन दिवस गेले की एक मेसेज. आठवड्याने एक फोन. त्यानंतर नाही. आणि या सगळ्या काळात बाकीचे अर्ज थांबवू नका.